एकसारखी उत्तरे : दुबार व बनावट प्रतिसादांच्या शोधाचा पूर्वेतिहास

ऑनलाइन प्रश्नावलीला आलेल्या उत्तरांपैकी एकाच माणसाने पुनःपुन्हा भरलेली किती, आणि विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्याने केवळ रचून पाठविलेली किती, हा प्रश्न आज सामाजिक शास्त्रांच्या बहुतेक अभ्यासकांपुढे आहे. तो संगणकाबरोबर जन्मास आला, अशी एक समजूत दिसते. वस्तुतः उत्तर देणारा विचारणाऱ्याच्या दृष्टीआड गेला की हा प्रश्न उपस्थित होतोच. तो टपालामुळे दृष्टीआड झाला, कचेऱ्यांच्या उतरंडीमुळे झाला की मोबाइलमुळे झाला, याने प्रश्नाचे मूळ स्वरूप पालटत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा पूर्वेतिहास, मुख्यतः भाषासर्वेक्षणाच्या अंगाने, पाहावयाचा आहे.

तो पाहताना सांगोला तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. माण नदीच्या काठचा हा प्रदेश माणदेशाचा एक भाग. पश्चिमेस आटपाडी, दक्षिणेस जत, पूर्वेस मंगळवेढा, आणि कानडी मुलूखही फार दूर नाही. सातारा-सांगलीकडचे ‘करतुया’ आणि सोलापूरकडचे ‘करालोय’ ही दोन्ही रूपे ज्याच्या कानांवर पडू शकतात, अशा या पट्ट्यातील बोलीची प्रश्नावली कोणी मोबाइलवरून फिरविली, तर आलेल्या उत्तरांतील खरी कोणती व खोटी कोणती हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न नुसता काल्पनिक नव्हे. बोलीचे नकाशे अशाच उत्तरांवर उभे राहणार आहेत.

बनावट सर्वेक्षणाचे या भागातील गाजलेले उदाहरण मात्र भाषेचे नसून जमिनीचे आहे. सांगोल्याच्या उत्तरेस, माळशिरस तालुका संपून नीरा ओलांडली की इंदापूर लागते. पेशवाईनंतर पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास जमिनीची मोजणी व आकारणी केली. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा व उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यावे, अशी त्याची योजना होती. मोजणी हाताखालच्या नोकरवर्गाने केली. तीत चुका निघाल्या, लाचलुचपत निघाली, आणि आकारणी अमलात आल्यावर रयत जमिनी सोडून जाऊ लागली. पुढे 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले आणि 1836-37 मध्ये तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी बसविली. त्यांच्या पद्धतीत कनिष्ठाने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहावीत, असा नियम होता.

प्रिंगलच्या अपयशाचे खापर बहुधा लाचखाऊ कारकुनांवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्नच असा होता की प्रामाणिक माणसालाही त्याचे उत्तर देता येऊ नये. ज्याचे उत्तर कोणाजवळ नाही असा प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर तयार करावे लागते. आणि तयार केलेले उत्तर व खोटे उत्तर यांत अंतर फारसे उरत नाही. आजच्या चाळीस-पन्नास कलमी प्रश्नावल्या वाचताना याचे स्मरण अनेकदा होते.

इंदापूरची पुनर्मोजणी शक्य झाली, कारण शेत जागचे हलत नाही. हेच तत्त्व पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या सर्वेक्षणात 1937 पासून शास्त्रीय पायावर नेले. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावयाचे, ते एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन तुकड्यांकडे सोपवावयाचे, आणि दोघांच्या निष्कर्षांत फरक किती पडतो ते पाहावयाचे. येथे कोणा विशिष्ट माणसावर संशय घ्यावा लागत नाही. साक्षी परस्परांपासून स्वतंत्र असतील अशी तजवीज आधीच केलेली असते. स्वातंत्र्य हा या प्रकरणातील कळीचा शब्द आहे व तो पुढे पुन्हा येईल.

बोलीचे तसे नाही. ती माणसाबरोबर हलते, आणि विचारणारा समोर आला की पालटते. म्हणूनच जर्मनीत गेओर्ग वेंकर याने 1876 पासून ठराविक वाक्ये शाळामास्तरांकडे टपालाने पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागविली, तेव्हा त्याच्यावर आक्षेप आला तो हाच, की मास्तराने लिहिलेले गावाचे बोलणे कशावरून? फ्रान्समध्ये झिल्येरोंने याच्या उलट मार्ग धरला. एदमों या एकाच तयार कानाच्या माणसाला 1897 ते 1901 या काळात 639 ठिकाणी पाठवून उत्तरे टिपून घेतली. आक्षेप त्यालाही चुकला नाही, कारण सर्व उत्तरे एकाच कानातून आली. वेंकरच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याच्या प्रपत्रांची संख्या चाळीस हजारांवर गेली, आणि शेजारच्या दहा गावांशी न जुळणारे अकरावे गाव अशा राशीत आपोआप उठून दिसते.

आपल्याकडील खरी शाळा म्हणजे ग्रिअर्सनचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण. 1886 च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत त्याची मागणी झाली, 1894 मध्ये प्राथमिक काम सुरू झाले आणि 1928 मध्ये ते पुरे झाले. मराठीचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्याचे संपादन स्टेन कोनोव यांनी केले. ग्रिअर्सन गावोगाव फिरला नाही. त्याची प्रश्नावली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खाली जाई आणि उत्तरे त्याच वाटेने वर येत. उत्तर कोणी लिहिले, मामलेदाराने, मास्तराने की खरोखर त्या बोलीच्या माणसाने, हे पुष्कळदा कळण्यास मार्ग नसे. आजच्या ऑनलाइन सर्वेक्षकाची स्थिती याहून निराळी आहे असे वाटत नाही.

प्रथम जिल्हावार याद्या आल्या, त्यांत 231 भाषा व 774 बोली निघाल्या. छाननीनंतर उरल्या 179 भाषा व 544 बोली. एवढी गळती कशाने झाली? बव्हंशी नावांनी. एकच बोली एका जिल्ह्याने एका नावाने व दुसऱ्याने दुसऱ्या नावाने कळविली होती. सामान्य माणूस पन्नास मैलांवरच्या लोकांच्या बोलीला नाव देतो, स्वतःच्या बोलीला देत नाही, अशा आशयाचे निरीक्षण खुद्द ग्रिअर्सननेच नोंदविले आहे. कोकणात तर कुणबी, कोळी, आगरी, धनगरी अशी जातींची नावेच बोलींची म्हणून आली, आणि नमुने जुळवून पाहता त्यांतील भेद नावांइतका मोठा ठरेना. येथे दुबारपणा होता, परंतु लबाडी नव्हती. उत्तर एकच, नावे अनेक. आजच्या भाषेत बोलावयाचे तर माणूस एक व खाती अनेक असा हा प्रकार, फक्त कोणाचाही हेतू दुष्ट नसलेला. दुबारपणा व बनावट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या याद्यांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

बनावटीवर ग्रिअर्सनने योजलेला उपाय अधिक मार्मिक आहे. प्रत्येक बोलीचे त्याने तीन नमुने मागविले. पहिला, बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. दुसरा, त्याच बोलीतील एखादी स्वतंत्र कथा, गीत किंवा हकीकत. तिसरा, ठराविक शब्द व वाक्ये यांची यादी. पहिल्या नमुन्यात भाषांतरकार मूळ वाक्याच्या वळणाला चिकटून राहणार, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या नमुन्यात चिकटावयाला समोर मूळच नाही. पहिल्यात एक वळण व दुसऱ्यात भलतेच, असे आढळले म्हणजे पहिल्या नमुन्यावर किती भरवसा ठेवावा हे ठरविता येई. उत्तर देणाऱ्यास न दुखविता, त्याच्याच दोन साक्षी समोरासमोर उभ्या करण्याची ही युक्ती आहे.

आता आजच्या पद्धतींकडे वळू. एकाच उपकरणावरून वा एकाच जालपत्त्यावरून आलेली उत्तरे गाळणे, अतिशय थोड्या वेळात भरलेली प्रश्नावली बाद करणे, सर्व प्रश्नांना एकाच स्तंभातील खूण करणाऱ्यास वगळणे, मध्येच ‘येथे तिसरा पर्याय निवडा’ असा लक्षपरीक्षेचा प्रश्न घालणे, हे उपाय सर्वपरिचित आहेत. 2018 साली अमेरिकेत पैसे देऊन भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांत अनेक उत्तरांचे अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत तेच निघाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. ती उत्तरे दूरच्या संगणक-केंद्रांतून वळविलेली होती. अलीकडे भाषायंत्रे लक्षपरीक्षेचे प्रश्नही सहज उत्तीर्ण होऊ लागल्याने या उपायांची धार बोथट झाली आहे.

याहून विचार करावयास लावणारा वाद 2016 मधील आहे. नोबल कुरियाकोस व मायकेल रॉबिन्स यांनी घरोघर जाऊन केलेली 1,008 सर्वेक्षणे तपासली. दोन मुलाखतींतील उत्तरे 85 टक्क्यांहून अधिक जुळली तर एक दुसरीची नक्कल असण्याचा संभव मोठा, असा त्यांचा निकष होता. आणि त्या निकषाने पाचांपैकी जवळजवळ एक सर्वेक्षण संशयास्पद ठरले. प्यू संशोधन केंद्राच्या संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर हरकत घेतली. प्रश्न थोडे असतील, पर्याय मोजके असतील, लोक एका विचाराचे असतील, तर कोणतीही लबाडी नसतानाही उत्तरे इतकी जुळतात, असे त्यांनी दाखविले.

भाषाशास्त्रज्ञाला ही हरकत विशेष पटावी. वीस शब्दांची यादी घेऊन सांगोल्याजवळच्या एखाद्या वाडीत गेले, आणि भाजीपाल्याला ‘माळवं’, गोधडीला ‘वाकळ’, असे चुलत्याने व पुतण्याने एकोणीस शब्द सारखेच सांगितले, तर त्यात नवल कसले? तीच तर बोली. सारखेपणा हा येथे दोष नसून शोधाचा विषय आहे. 85 टक्क्यांची चाळणी लावली तर वाडीच्या वाडी बाद होईल, आणि शिल्लक राहतील ते परस्परांशी न जुळणारे, म्हणजे बहुधा बाहेरचे.

मग नक्कल ओळखावी कशी? याचे उत्तर पाठचिकित्सेच्या शास्त्रात पूर्वीच मिळालेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले. 1925 पासून वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक होते, आणि मुख्य ग्रंथ 1966 मध्ये पुरा झाला. हस्तलिखितांची कुळे लावताना दोन पोथ्या शुद्ध पाठात जुळतात याला महत्त्व नसते. शुद्ध पाठ दोघींना मुळातूनच मिळालेला असतो. त्या एकाच चुकीत जुळल्या म्हणजे एकीवरून दुसरी, किंवा दोन्ही तिसरीवरून उतरल्या, असे म्हणता येते. उलट, काश्मीरची व केरळची अशा दूरदूरच्या पोथ्या एकमेकींचा संपर्क नसताना जुळल्या, तर त्यांचा पाठ प्राचीन मानावयास आधार मिळतो. महालनोबीसांच्या दोन तुकड्यांचे तत्त्वही हेच.

हे प्रश्नावलीला लावून पाहू. पन्नास जणांनी ‘वाकळ’ लिहिले यावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु ‘कोरड्यास म्हणजे काय?’ या प्रश्नाला पाच जणांनी ‘सुकी भाजी’ असे उत्तर दिले, तर थांबले पाहिजे. कोरड्या भाकरीशी खावयाचे ते कोरड्यास; ते चांगले पातळ कालवणही असते. ‘कोरडे’ या शब्दावरून अर्थाचा तर्क करणारा हा या भागातला नव्हे, आणि पाचही जण तोच तर्क त्याच शब्दांत करीत असतील तर ते पाच नसून बहुधा एकच आहेत. प्रश्नावलीत असे दोन-तीन शब्द, ज्यांचा अर्थ बाहेरच्यास हमखास चुकतो, पेरून ठेवणे कठीण नाही.

दुसरी खूण याच्या विरुद्ध टोकाची आहे. भाषायंत्राने किंवा हौशी लेखकाने रचलेली माणदेशी बोली फार निर्दोष असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (1949) व ‘बनगरवाडी’ (1955) यांच्यापासून ग्रामीण साहित्याचा मोठा साठा छापील रूपात उपलब्ध आहे, आणि त्यावरून प्रत्येक ‘आहे’चे ‘हाय’ व प्रत्येक ‘नाही’चे ‘न्हाई’ करून देणे अवघड राहिलेले नाही. खरा बोलणारा मात्र लिहावयास बसला की शाळेतले शुद्धलेखन आठवतो. एका ओळीत ‘आहे’ लिहितो, पुढच्या ओळीत ‘हाय’ निसटते. प्रस्तुत लेखकाच्या मते लेखी उत्तरात असा विस्कळीतपणा आढळणे हे अस्सलपणाचे लक्षण समजावे आणि सलग ग्रामीणपणा हे संशयाचे.

राहिला एका उपकरणावरून एकच उत्तर स्वीकारण्याचा नियम. मोबाइल कंपन्यांच्या रचनेत शेकडो ग्राहक एकाच जालपत्त्याआड असू शकतात. त्यामुळे जालपत्ता जुळणे हा पुरावा मुळात दुबळा आहे. उपकरणाचा निकष त्याहून घातक. ज्याच्याजवळ चार सिमकार्डे व दोन मोबाइल आहेत तो या चाळणीतून सुखरूप पार पडतो. गाळली जातात ती एका मोबाइलवर चालणारी घरे. अशा घरातून तीन उत्तरे आली तर ती बाद न करता एका घरक्रमांकाखाली नोंदवावीत, आणि प्रत्येकाकडून ग्रिअर्सनच्या दुसऱ्या नमुन्याप्रमाणे दोन मिनिटांची हकीकत, बाजाराची म्हणा, पावसाची म्हणा, आवाजात मागवावी. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने 2017 च्या सुमारास सुरू केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही मुख्य भर ध्वनिमुद्रित बोलण्यावर आहे. एकाच मोबाइलवरून बोललेल्या सासू आणि सून पुष्कळदा दोन निरनिराळ्या माहेरांच्या असतात. एक जतकडची असेल, एक पंढरपूरकडची. ‘करतुया’ आणि ‘करालोय’ यांची सीमा कोठून जाते याचा पुरावा कधी कधी एकाच चुलीपाशी मिळतो, आणि उपकरणाचा नियम लावला तर त्यांपैकी जी दुसऱ्यांदा बोलली तिचे उत्तर दुबार म्हणून पुसले जाते.