करोनरी हृदयविकार : आनुवंशिकता आणि जीवनशैली

करोनरी हृदयविकार हा हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार होय. या धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलयुक्त थर साचून मार्ग अरुंद होतो. असा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो. या विकाराचा धोका जनुके व जीवनशैली या दोहोंवर अवलंबून असतो. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे नेहमी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे ठरते.

आनुवंशिकता

बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकांतील लहानसहान फरक एकत्र येऊन धोका वाढवतात. ठळक अपवाद म्हणजे कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलता. सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकीत हा दोष आढळतो. यकृताच्या पेशींवरील ग्राही रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेतात; बहुतेक रुग्णांत या ग्राहींच्याच जनुकात दोष असतो व कोलेस्टेरॉल जन्मापासून रक्तात साचून राहते. ही यंत्रणा उलगडणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका पालकाकडून दोष आल्यास ऐन तारुण्यात वा मध्यमवयात झटका येऊ शकतो. दोघांकडून आल्यास बालपणीही. अशी व्यक्ती सडपातळ आणि निर्व्यसनी असू शकते, हे विसरता कामा नये. तिला केवळ पथ्य व व्यायाम पुरत नाहीत, स्टॅटिनसारखी औषधे लागतात. दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असल्याने, एकाचे निदान होताच भावंडांची व मुलांची रक्ततपासणी आवश्यक ठरते.

जीवनशैली

जपान, हवाई व कॅलिफोर्निया येथील जपानी वंशाच्या पुरुषांची १९६० च्या दशकापासून तुलना करण्यात आली. वंश एकच, तरी हृदयविकाराचे प्रमाण जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मध्यम व कॅलिफोर्नियात सर्वाधिक आढळले.

दोन्ही घटकांचा एकत्रित विचार २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधील अभ्यासात झाला. धूम्रपान न करणे, लठ्ठपणा नसणे, नियमित व्यायाम व योग्य आहार या चारांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका, जनुकीय जोखीम अधिक असूनही, तशीच जोखीम असलेल्या पण यांपैकी फारतर एक गोष्ट पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता. सहभागी मुख्यतः युरोपीय वंशाचे असल्याने हा आकडा भारतीयांना जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले, आणि त्यामागे मुख्यतः धूम्रपान, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण यांसारखे आटोक्यात आणता येण्याजोगे घटकच होते.