दिवा, होल्डर आणि बटण : हमरापूरच्या संदर्भात घरगुती प्रकाशयोजनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरात कोणता दिवा लावावा हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. भ्रमणध्वनीवरून चालणारे 'स्मार्ट' दिवे घरोघरी येऊ लागल्यापासून तर तो केवळ किंमत व जाहिरात यांपुरताच उरला आहे. तथापि ज्या होल्डरमध्ये दिवा बसवायचा आणि ज्या बटणावर तो चालवायचा, त्यांची निवड बहुधा फार पूर्वी व अन्यत्र झालेली असते. प्रस्तुत लेखात पेण तालुक्यातील, गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हमरापूर गावाच्या संदर्भात या निवडीचा मागोवा घेतला आहे.

वातीचा प्रकाश आणि बटणाचा प्रकाश

विजेपूर्वीच्या कोकणी घरात प्रकाश कमीअधिक करणे ही नित्याची बाब होती. समईत एक वात लावावी की पाच, हे प्रसंगावर ठरे. उंडीच्या कडू तेलाचा दिवा पडवीत, खोबरेल वा तिळाच्या तेलाचा देवापुढे, असा भेदही पाळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि कंदिलाच्या चावीने वात वरखाली करता येऊ लागली. निजताना ज्योत बारीक करण्याची सवय कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. विजेच्या दिव्याने ही मुभा काढून घेतली. बटण दाबले की पूर्ण उजेड, नाहीतर पूर्ण अंधार! स्मार्ट दिव्याची प्रकाश मंद करण्याची सोय 'नवी' म्हणून सांगितली जाते, तेव्हा हा मधला काळ विसरला जातो.

वीज येथली, उजेड मुंबईचा

या जिल्ह्याच्या विद्युतीकरणात एक विसंगती आहे. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिऱ्याचे १९२७ मध्ये. तिन्ही केंद्रे तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात. भिऱ्याला येणाऱ्या पाण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट हे नाव त्याच लढ्याने महाराष्ट्रभर झाले. वीज मात्र मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांकडे जात होती. खेडोपाडी वीज पोहोचविण्याच्या कामाला खरी गती आली ती १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून जात असता खाली कंदील जळत राहावेत, यापेक्षा वसाहतकालीन औद्योगिकीकरणाचे बोलके चित्र दुसरे क्वचितच मिळेल.

होल्डरचा वारसा

वीज आली ती ब्रिटिश प्रघाताचा होल्डर घेऊन. एडिसनच्या परंपरेतील आट्यांचा, फिरवून बसवायचा दिवा अमेरिकेत व युरोप खंडात रूढ झाला. ब्रिटनमध्ये मात्र दोन खिळ्यांचा, दाबून वळवायचा दिवा स्थिरावला. दोन्ही प्रकार १८८० च्या दशकातले. भारतात ब्रिटिश प्रकार रुजला आणि आजही आपल्या घरांतील अँगल व बॅटन होल्डर बहुतांशी २२ मिलिमीटरचे, म्हणजे 'बी-२२' आहेत. आयात केलेला स्मार्ट दिवा अनेकदा 'ई-२७', म्हणजे आट्यांचा असतो. झुंबरात व शोभेच्या दिव्यांत बारीक 'ई-१४' लागतो. जोडतुकडा वापरून काम भागते. पण दिव्याची लांबी वाढते आणि तो काचेच्या हंडीत मावत नाही. बंद हंडीत उष्णता कोंडते, व तारेच्या दिव्याला न बाधणारी ही उष्णता एलईडीच्या आतील इलेक्ट्रॉनिक मंडलाचे आयुष्य घटविते. म्हणून दिव्याचे गुण पाहण्याआधी छताकडे पाहणे इष्ट.

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतील एलईडी दिवे जुन्या खिळ्यांच्या होल्डरमध्ये थेट बसत. तारेच्या ६० वॅटच्या दिव्याइतका प्रकाश ८-९ वॅटमध्ये मिळू लागला आणि भिंतीवरचे काहीही बदलावे लागले नाही. त्या योजनेच्या यशात या साध्या गोष्टीचा वाटा किती, याची चर्चा फारशी होत नाही.

स्मार्ट दिव्याचे तसे नाही. त्याला आदेश ऐकण्यासाठी सतत वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद केले की तो बहिरा होतो. जुन्या पद्धतीच्या मंदकाशी, म्हणजे डिमरशी त्याचे जुळत नाही. बहुतेक वाय-फाय दिवे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. चिऱ्याच्या जाड भिंतींआड त्या लहरी क्षीण होतात, त्यामुळे ओटीवरच्या राउटरचा मागच्या पडवीला उपयोग होईलच असे नाही.

कारखान्यातील रंग

हमरापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची. येथे घर आणि कारखाना पुष्कळदा लगतच असतात. एकच पिशवी भरून आणलेले दिवे दोन्हीकडे लागतात. गणेशोत्सवापूर्वीच्या पावसाळी, अंधारलेल्या दिवसांत रंगकाम व डोळ्यांची आखणी बरीचशी दिव्याखालीच होते. रंग कितपत खरे दिसतात याचे माप, म्हणजे 'कलर रेंडरिंग इंडेक्स', तारेच्या दिव्याचे जवळजवळ १०० असते. सामान्य एलईडीचे ८० च्या आसपास. केवळ लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा प्रकाश देणाऱ्या स्वस्त रंगबदल्या दिव्यात ते आणखी घसरते. अशा उजेडात मिसळलेला पितांबराचा पिवळा किंवा अंगाचा गुलाबी दिवसा वेगळाच दिसू शकतो. मूर्ती तोवर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेली असते, आणि नाव जाते ते रंगाऱ्याचे. कारखान्यासाठी सोळा रंगांचा चमत्कार निरुपयोगी; तेथे ९० वा अधिक निर्देशांकाचा, स्थिर पांढरा, साधा दिवाच योग्य. स्मार्ट दिव्याची जागा घरात, तीही मोजक्या ठिकाणी: ओटीवर, जिन्यात, वृद्धांच्या खोलीत.

घरातही दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. वीज जाऊन परत आली की अनेक स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण तेजाने पेटतात. मध्यरात्री असे घडले की सारे घर जागे होते. पूर्वीची स्थिती लक्षात ठेवण्याची सोय ज्यात आहे, तोच घ्यावा. दुसरी गोष्ट दिवेलागणीची. तिन्हीसांजेला आजीचा हात भिंतीकडेच जातो, भ्रमणध्वनीकडे नाही. अशा घरात दिव्याऐवजी बटणाच्या पेटीमागे बसणारा स्मार्ट स्विच अधिक सोयीचा ठरतो. होल्डर जुना, दिवा साधा, बटणही तेच राहते. मात्र अशा बहुतेक स्विचना पेटीत न्यूट्रलची तार लागते आणि जुन्या वायरिंगमध्ये ती अनेकदा बटणापर्यंत आणलेलीच नसते. तेव्हा खरेदीपूर्वी वायरमनला बोलावून पेटी उघडून पाहावी लागते.