खडूतले आकाश : नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील पेस्टलचित्रण

पेस्टल म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि खडूची भुकटी अगदी थोड्या डिंकात मळून, वळून वाळवलेली कांडी. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये या माध्यमाची प्रतिष्ठा व्यक्तिचित्रांवर उभी होती. 1720 साली व्हेनिसहून पॅरिसला आलेली रोझाल्बा कारिएरा आणि तिच्यानंतर मोरिस कांतँ द ला तूर यांनी रेशमाची चमक आणि त्वचेचा मऊपणा त्यातून साधला आणि ही चित्रे काचेआड दिवाणखान्यांत टांगली गेली. कागदाच्या खरबरीत पृष्ठावर नुसती टेकलेली पूड बोट लागताच पुसली जात असल्याने, वाऱ्यापावसात न्यावे असे हे माध्यम वरकरणी तरी नव्हते.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले, आणि त्यात युजेन बूदँ याचा वाटा फार मोठा आहे. ओंफ्लर येथे 1824 मध्ये दर्यावर्दी घरात जन्मलेल्या बूदँने ल आव्र बंदरात लेखनसाहित्य आणि चित्रांच्या चौकटी यांचे दुकान चालवले होते, जिथे मिए, त्रॉयाँ यांसारख्या चित्रकारांशी त्याचा संबंध आला. 1851 मध्ये नगरपालिकेची शिष्यवृत्ती मिळवून तो पॅरिसला शिकला खरा, पण त्याचा खरा अभ्यासविषय इंग्लिश खाडीवरचे आकाशच राहिला. तिथे ढग आणि उजेड मिनिटामिनिटाला पालटतात. तैलरंग कालवून एक थर वाळेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती मूळ दृश्य उरत नाही. पेस्टलमध्ये कालवणे नाही, वाळणे नाही, कांडी हीच रेघ आणि हाच रंग, म्हणून करड्या किंवा निळसर कागदाचा रंग तसाच मधल्या छटेसाठी राखून, कांडी आडवी फिरवून आणि बोटाने कडा मऊ करून ढगांची रांग थोडक्या वेळात नोंदता येई.

कवी बोदलेअर याने ओंफ्लर येथील बूदँच्या चित्रशाळेत अशी शेकडो पेस्टले पाहिली आणि 1859 च्या ‘सालों’वरील, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनावरील, लेखात त्यांची मनापासून प्रशंसा केली. बूदँ कागदाच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवीत असे; हे टिपण हाताने झाकले तरी ऋतू, प्रहर आणि वाऱ्याची दिशा ओळखता यावी, असा बोदलेअरचा अभिप्राय होता. मात्र हे पूर्ण चित्र नव्हे, चित्राची तयारी आहे, हेही त्याने बजावले, आणि बूदँचे स्वतःचे मत याहून वेगळे नसावे, कारण त्या वर्षी ‘सालों’मध्ये त्याने मांडले ते ब्रिटनीतील एका धार्मिक जत्रेचे तैलचित्र. याच सुमारास त्याने किशोरवयीन क्लोद मोनेला उघड्यावर चित्रे काढायला नेले, ही गोष्ट कलेतिहासात इतकी घोळवली गेली आहे की बूदँची पेस्टले तिच्या आड झाकली जातात.

अभ्यास आणि पूर्ण चित्र यांमधील ही भिंत 1874 मध्ये काहीशी ढळली. पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांनी त्या वर्षी पॅरिसमध्ये भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनात बूदँने आकाशाचे पेस्टल-अभ्यास चौकटी घालून तैलचित्रांच्या बरोबरीने मांडले. तथापि समुद्राचे प्रत्येक पेस्टल वाळूवर बसूनच झाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एदगार देगा याने 1869 च्या उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर ओसाड सागरदृश्यांची पेस्टलमालिका केली, आणि उघड्यावर चित्रफलक मांडून बसणाऱ्यांची तो पुढे आयुष्यभर थट्टा करीत राहिला. त्यामुळे या मालिकेत प्रत्यक्ष निरीक्षण किती आणि स्मरण किती, हा प्रश्न राहतोच.