स्फिंगोसीन-१-फॉस्फेट

पेशीपटलातील स्फिंगोलिपिडांपासून शरीरात तयार होणारा मेदवर्गीय संदेशवाहक रेणू, संक्षेपाने एस१पी. टी आणि बी लिम्फोसाइट पेशींचे लसीका ग्रंथींतून बाहेर पडणे मुख्यतः या रेणूवर अवलंबून असते.

स्फिंगोसीन कायनेज हे विकर स्फिंगोसीनला फॉस्फेट जोडून एस१पी बनवते, तर एस१पी लायेज त्याचे कायमचे विघटन करते. रक्ताला त्याचा पुरवठा तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर करतात, तर लसीकेला लसीकावाहिन्यांचे अंतःस्तर. ऊतींत लायेज त्याला टिकू देत नाही. म्हणून रक्तात व लसीकेत तो भरपूर, ऊतींत नाममात्र. एस१पीचे प्रतिकारशक्तीतील महत्त्व या तफावतीत आहे, नुसत्या अस्तित्वात नाही. कॅरॅमेल या खाद्यरंगाच्या एका प्रकारात टीएचआय नावाचे द्रव्य असते. ते उंदरांना दिल्यावर लायेज मंदावते आणि ग्रंथींत एस१पी साठतो. मग लिम्फोसाइट तिथेच अडकतात व रक्तातील त्यांची संख्या घसरते.

एस१पीचे पाच ग्राही ज्ञात आहेत. लिम्फोसाइटच्या बाहेर पडण्यासाठी पहिला, एस१पी१, निर्णायक ठरतो. रक्तातील मुबलक एस१पीमुळे पेशी हा ग्राही आत ओढून घेते. ग्रंथीत शिरल्यावर काही तासांत तो पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि पेशी लसीकेच्या दिशेने निघते. सीसीआर७ हा दुसरा ग्राही तिला मागे खेचत असतो. संसर्ग असेल तर इंटरफेरॉनमुळे सीडी६९ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर वाढते आणि एस१पी१ला आत नेते. त्यामुळे चेतवलेली पेशी ग्रंथीतच थांबते, विभागते आणि काही दिवसांनी सज्ज होऊन बाहेर पडते.

हे सारे उलगडले ते एका औषधामुळे. औषध आधी हाती आले, त्याचे स्पष्टीकरण नंतर. कीटकांवर वाढणाऱ्या इसारिया सिंक्लेरी या बुरशीतील मायरिओसिनवरून जपानमध्ये क्योतो विद्यापीठाचे तेत्सुरो फुजिता व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात फिंगोलिमोड बनवले. शरीरात त्याला फॉस्फेट जोडला जातो आणि ते एस१पीच्या ग्राहींवर काम करते, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. ते एस१पी१ला आधी चेतवते, पण मग पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसे करते. दोन वर्षांनी उंदरांच्या रक्तपेशींतून एस१पी१ काढून टाकल्यावर परिपक्व टी पेशी थायमसमध्येच अडकून राहिल्या आणि या ग्राहीची भूमिका पक्की झाली.

मूत्रपिंड प्रत्यारोपणात या औषधाने प्रचलित उपचारांवर मात केली नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र ते उपयोगी ठरले आणि २०१० मध्ये अमेरिकेत त्या आजारावरील तोंडावाटे घ्यायचे पहिले रोगनियंत्रक औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. याच मार्गावरील ओझॅनिमोड पुढे व्रणयुक्त बृहदांत्रदाहासाठीही वापरात आले. या औषधांनी लिम्फोसाइट मरत नाहीत, ग्रंथींत अडकतात. संसर्गाचा धोका तरीही वाढतो. एस१पीचे ग्राही हृदयातही असल्याने पहिल्या मात्रेने नाडी मंदावू शकते. म्हणून फिंगोलिमोडच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला किमान सहा तास देखरेखीखाली ठेवतात.