धावण्यातला घोडा

मागच्या वेळी आपण ‘हाशिरु’ या क्रियापदापाशी थांबलो होतो. माणूस धावतो ते हाशिरु, आगगाडी धावते तेही हाशिरु. त्या चिन्हाचं जुनं रूप म्हणजे हात हलवणारा माणूस आणि खाली पाऊल. गंमत अशी, की चीनमध्ये आज तेच चिन्ह ‘चालणे’ या अर्थानं वापरतात. तिथे हा गडी दमला, जपानमध्ये अजून धावतोच आहे.

आज दुसरं क्रियापद घेऊ, ‘काकेरु’. याच्या चिन्हात डावीकडे घोडा असतो. उजवीकडे काय असावं, यावरून मात्र पाठभेद आहेत. जुन्या रूपात एका चौकटीत तीन तोंडं. नव्या रूपात तोंडं जाऊन नुसती फुली आली. तिसऱ्या रूपात घोड्याशेजारी चक्क टेकडी. उच्चार तिन्हींचा एकच. १९४६ साली सरकारनं रोजच्या वापरासाठी १,८५० चिन्हांची यादी काढली, १९४९ साली त्यांची सुटसुटीत रूपं ठरवली. त्यात फुलीवालं रूप आत आलं, टेकडीवालं बाहेर राहिलं. पण दाझाई ओसामूची १९४० सालची ‘काकेकोमी उत्ताए’ ही कथा टेकडीचीच. उत्ताए म्हणजे फिर्याद. रीतसर पायऱ्या न चढता थेट वरच्या दारात धावत जाऊन केलेली फिर्याद, ती काकेकोमी उत्ताए.

याच चिन्हाचं ‘कारु’ असंही क्रियापद होतं : घोडा पिटाळणे. आज मोटारीबद्दलही ते वापरतात. यात नवल वाटायला नको. आपण नाही का, बैल गेले तरी गाडी ‘हाकतोच’!

आता ‘काकेओचि’ घ्या. आज याचा अर्थ पळून जाऊन लग्न करणे, आणि आपलं ‘पळून जाणं’ अगदी तसंच. पण एदो काळातल्या दफ्तरांत हा शब्द अनेकदा घोड्याशिवाय सापडतो. तिथे ‘उणा’ या अर्थाचं चिन्ह. कर्जापायी, सारा न झेपल्यामुळे गाव सोडून गेलेला शेतकरी म्हणजे काकेओचि. नातेवाइकांना, गावकऱ्यांना शोधासाठी मुदत मिळे. तरी सापडला नाही, तर नाव वहीतून खाली. लिहिणाऱ्या कारकुनाला त्याचं धावणं दिसत नव्हतं, वहीतली उणीव दिसत होती. मला हा पाठभेद फार बोलका वाटतो.

बायकांचं धावणं मात्र वेगळ्या दिशेला होतं. कामाकुरात तोकेइ-जी नावाचं मठ-मंदिर आहे, १२८५ साली होजो तोकिमुनेच्या विधवेनं, काकुसान-नीनं स्थापलेलं. एदो काळात सोडचिठ्ठी लिहायची ती नवऱ्यानंच. तिला म्हणत ‘मिकुदारिहान’, म्हणजे साडेतीन ओळी. बाईला ती हवी असेल आणि नवरा देत नसेल, तर ती इथे धावत यायची. म्हणून हे ‘काकेकोमी-देरा’, धावत शिरण्याचं देऊळ. पाठलाग करणारे अगदी मागे आले आणि तिनं पायातली चप्पल फाटकाच्या आत भिरकावली, तरी ती आत आली असं धरत, असं सांगतात. बरीच प्रकरणं दोन्हीकडच्या माणसांना बोलावून बाहेरच मिटत. नाहीच मिटली, तर तिनं आत सुमारे दोन वर्षं काढायची, मग सुटका.

१८७१ साली मंदिराचा हा अधिकार गेला. १८७३ साली बायकांना न्यायालयात घटस्फोट मागायची मुभा मिळाली, तीही बाप, भाऊ किंवा कुणी नातेवाईक बरोबर घेऊन. म्हणजे एकटीनं धावत जायची सोय संपली, असंही म्हणता येईल.

आज तिथे जायचं तर किता-कामाकुरा स्टेशनवर उतरायचं, पुढे चार-पाच मिनिटं चालत. ‘स्टेशन’च्या चिन्हातही घोडाच आहे, कारण मुळात ते डाकेचे घोडे बदलायचं ठाणं. आणि जपानी स्टेशनांवर नेहमी ऐकू येणारी सूचना कोणती? ‘काकेकोमी जोशा’ करू नका. धावत गाडीत शिरू नका.