वळविलेलें रक्त

आंतडीं व पानथरी यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें यकृतांत जातें. वैद्यकांत तिला ‘पोर्टल’ शीर म्हणतात. यकृत कठीण झालें म्हणजे तें वाट देत नाहीं. मग बांध घातलेल्या ओढ्याप्रमाणें रक्त मागें तुंबतें, पानथरी वाढते, पोटांत पाणी सांचतें आणि अन्ननलिकेंतील शिरा फुगून एखादे रात्रीं लेंकराला रक्ताची उलटी होते.

तुंबलेल्या पाण्यास पाट काढून द्यावा, हा विचार प्रथम रशियांत सुचला. सेंट पीटर्सबर्ग येथील शस्त्रवैद्य निकोलाय एक् यांनीं १८७७ सालीं आठ कुत्र्यांची पोर्टल शीर हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेस जोडली. बहुतेक लवकरच मेले. एक अडीच महिने जगला आणि प्रयोगशाळेंतून चक्क पळून गेला! तेवढ्या पुराव्यावर ही क्रिया माणसावर करण्यास हरकत नाहीं, असें एक् यांनीं ठरविलें. हें धाडसच म्हटलें पाहिजे. कारण १८९३ सालीं पाव्हलॉव्ह व त्यांचे सहकारी यांनीं अशा कुत्र्यांस मांस चारतांच तीं झोकांड्या खात, आंधळीं होत व बेशुद्ध पडत, असें दाखविलें. रक्त वळलें खरें, पण तें शुद्ध करणारें यकृतच वाटेंतून वगळलें गेलें होतें.

तरीहि १९४५ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिपल व ब्लेकमोर यांनीं हीच युक्ति रुग्णांसाठीं पुन्हां हातीं घेतली. मुलांच्या बाबतींत पेंच दुहेरी होता: शिरा बारीक, म्हणून सांधा गुठळीनें बुजे, आणि वाढत्या मेंदूस अशुद्ध रक्ताची भीति.

पित्तनलिका बंद असलेल्या अर्भकांसाठीं जपानांतील मोरिओ कासाई यांनीं आंतड्याचा तुकडा थेट यकृतास जोडण्याची शस्त्रक्रिया १९५९ सालीं प्रसिद्ध केली. पित्त वाहूं लागलें तरी पुष्कळदां यकृताचें कठीण होणें थांबत नाहीं. १९६३ सालीं डेन्व्हर येथें स्टार्झल यांनीं ह्याच रोगाच्या तीन वर्षांच्या मुलास नवें यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न केला. तुंबलेल्या शिरांतील रक्तस्राव थांबेना व मूल टेबलावरच गेलें. भारतांत अशा बालकावर यकृतरोपण यशस्वी झालें तें १९९८ सालीं, दिल्लींत.

१९९२ सालीं बेल्जममध्यें द व्हिल द गोये यांनीं उलट दिशा धरली: गळ्यांतील शिरेचा तुकडा जोडून अडलेलें रक्त बाहेर न नेतां यकृतांतच पोंचविलें. मात्र ही वाट शीर बुजली असून यकृत निरोगी असेल, तरच उपयोगी पडते. यकृतच रोगी असलेल्या मुलांच्या फुगलेल्या शिरा आज दुर्बिणीवाटे रबरी कड्यांनीं बांधतात आणि रोपणाची वेळ येईपर्यंत रक्तस्राव टाळतात.