भीमथडीचें नवें पाणी

पुण्याहून सोलापुराकडे जाणारी आगगाडी भिगवण सोडून पुढें निघाली म्हणजे उजाड माळ मागें पडून खिडकींतून एकाएकीं विस्तीर्ण पाणी दिसूं लागतें. माघाच्या सकाळीं भिगवणास उतरून कुंभारगांवच्या कांठावरून होडींत बसावें; धुकें विरलें कीं उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग नजरेस पडते. हा देखावा पाहण्यास हल्लीं पुण्यामुंबईकडील पुष्कळ मंडळी येतात, आणि हे पक्षी भीमेच्या कांठीं पूर्वापार असेच उतरत आले असावेत अशी त्यांच्यांतील बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः हें पाणी अर्ध्या शतकाच्या आंतबाहेरचें आहे, आणि ज्या रुळांवरून आपण तें ओलांडतों ते रूळही मूळच्या जागीं राहिलेले नाहींत.

भीमथडी हें नांव काढलें कीं आपणांस आठवतात तीं मराठी फौजेचीं काटक तट्टें. हा मुलूख पर्जन्यछायेंतला. चार महिने नदी दुथडी, आठ महिने वाळू आणि अधूनमधून डोह. इंदापूरच्या लढाईंत मालोजीराजे भोसले पडले तो हाच टापू. पुढें १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तेंही याच भीमथडींत. अशा रुक्ष प्रदेशांत चित्र पालटलें तें दोनदां. प्रथम लोखंडानें, नंतर पाण्यानें.

लोखंडाची कथा मोठी चमत्कारिक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-ठाणें मार्ग १८५३ त सुरू झाला. पण सोलापूर-बारशीकडील कापूस बंदरास आणावयाचा तर मध्यें बोरघाट उभा. मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनीं घाट फोडण्याचें काम हातीं घेतलें खरें, परंतु तें तडीस जाईपर्यंत कंपनी स्वस्थ बसली नाहीं. १८५८ च्या जूनमध्यें घाटमाथ्यावरील खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावूं लागली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पुण्याहून भीमेच्या कांठच्या डिकसळापर्यंत. घाटांतील मार्ग खुला होण्यास मात्र १८६३ साल उजाडलें. तोंपर्यंत मुंबईचा उतारू खोपोलीस उतरून डोलींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढे आणि वर पुन्हां गाडींत बसे. आगगाडीनें भीमा गाठली ती सह्याद्रि ओलांडण्यापूर्वीं! सुमारें दहा महिने डिकसळ हेंच या मार्गाचें शेवटचें टोंक होतें. आज त्या गांवाचें नांव ठाऊक असलेला उतारू विरळा. १८५९ त गाडी बारशी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, पोंचली. १८६० त सोलापुरास.

पुढील शंभर वर्षें रूळ, पूल आणि कांठचीं गांवें जागच्या जागीं होतीं. १९६९ मध्यें माढें तालुक्यांत उजनीपाशीं भीमेवर धरणाचें काम सुरू झालें व १९८० त तें पुरें झालें. फुगवटा नदीच्या उलट दिशेनें भिगवणच्याही वर चढला. काळीची जमीन, मळे, घरें, देवळें पाण्याखालीं गेलीं. लोहमार्ग दुसरीकडून न्यावा लागला, आणि डिकसळचा इंग्रजी अमदानींतील रेल्वेचा पूल रूळ काढून रहदारीस मोकळा झाला. करमाळ्याकडील लोकांना तो कित्येक वर्षें उपयोगी पडला. जुन्या पळसदेवचें पळसनाथाचें दगडी देऊळही त्यांतच बुडालें.

मग पक्षी आले. ते येथेंच कां रमले, याचें उत्तर धरणाच्या हिशेबांत आहे. जलाशयाची एकूण धारणा सुमारें ११७ अब्ज घनफूट. पैकीं निम्म्याहून अधिक मृतसाठा. कालव्यांतून व नदींतून पाणी सुटत गेलें कीं हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत कांठ मागें सरतो, चिखल उघडा पडतो, गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. पण तळें सहसा कोरडें पडत नाहीं. रोहिताला नेमकें हेंच हवें. तो चोंच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यांतील सूक्ष्म जीव व शेवाळ टिपतो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नांतूनच येतो. त्याची वीण कच्छच्या रणांत होते. तेथील प्रचंड वसाहतीचें वर्णन सलीम अली यांनीं १९४५ मध्यें केलें होतें. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. संस्कृत कवींनीं ज्याच्या विरहावर इतकी शाई खर्चिली तो चक्रवाक येथें जोडीनें चरतांना दिसतो, विरहाचा मागमूस नसतो.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. या पाण्यास जी सुपीकता आहे तींत पुणें-पिंपरी-चिंचवडच्या मैल्याचाही वांटा आहे. मुळामुठा तो भीमेंत आणून सोडते. जलपर्णी फोफावते, आणि जाळ्यांत देशी माशांपेक्षां चिलापीच अधिक सांपडते. पक्ष्यांची गर्दी म्हणजे निर्मळ पाण्याचा दाखला असें मानणें भोळेपणाचें होईल.

आणि पाण्यानें माणसांच्या वाटाही तोडल्या. पूर्वीं नदीच्या ऐल-पैल वसलेलीं गांवें आतां रुंद जलाशयाच्या दोन टोंकांस आहेत. फेरा चुकविण्यासाठीं लोक होडीनें जातात. मे २०२४ मध्यें कुगांव-कळाशी यांमधील होडी वादळांत उलटून सहा माणसें बुडालीं. हिंवाळ्यांत पाहुण्यांना पक्षी दाखविणारे नावाडी बहुतेक मासेमारी करणारेच. वल्हें मारतां मारतां ते मध्येंच थांबून सांगतात, येथें अमक्याची विहीर होती, तेथें बाभळींची रांग होती. दुष्काळी उन्हाळ्यांत पाणी फारच ओसरलें म्हणजे पळसनाथाचें शिखर वर येतें, मग सबंध देऊळ उघडें पडतें. तेव्हां नव्या पळसदेवचीं माणसें चिखल तुडवीत तेथवर जातात, देवाला फूल वाहतात, आणि आपल्या घराचा पाया कोठें होता तो मुलांना दाखवितात.